दूरदेशीचे पोलिश घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रवासाची हकिकत सांगायला मला उभे केले आहे खरे. पण माझा प्रवास म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला जाणे. २०१९ सालच्या ऑक्टोबरात मी न्यूझीलंडमधील वेलिंग्टनला गेले. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास, तेथून ऑकलंड दहा तास आणि पुढे वेलिंग्टन आणखी एक तास. डोळा लागतो न लागतो तोच न्याहारी पुढे येई, आणि चहाची तल्लफ यावी तेव्हा सगळे दिवे मालवलेले. उतरले तेव्हा पायांत चपला शिरेनात. तिकडचे घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास! तेथे बाहेरून आणलेले खाणे फार कडक तपासतात, म्हणून डिंकाचे लाडू लेकीने आणू दिले नाहीत. बाळंतिणीकडे रिकाम्या हाताने जाणे माझ्या जिवाला लागले.

एक गोष्ट मात्र मनात गाठ मारून नेली होती. बाळंतपण पार पडले की लेकीला विचारायचे, तुम्ही परत केव्हा येणार?

लेकीच्या शेजारच्या बाई पोलिश वंशाच्या. मी कोल्हापूरची असे कळताच म्हणाल्या, "मग माझ्या आईला भेटायलाच हवे." आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना वळिवड्याचा कॅम्प माहीत आहे. महायुद्धात देशोधडीला लागलेले पाचएक हजार पोलिश लोक, बहुतेक बायका नि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे राहिले. मागाहून त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झाले. माझे आजोळ उचगावचे. आई सांगे, त्या गोऱ्या बाया बाजाराला निघाल्या की आजी विचारी, "ह्यांची पुरुषमाणसे कुठे आहेत गं?" ती लढाईवर होती, कित्येक मरून गेली होती.

पुढच्या रविवारी आम्ही न्यूटाउन भागातल्या पोलिश घरात गेलो. दोम पोल्स्की म्हणतात त्याला. आत पाच-सहा जणी टेबलाभोवती पियेरोगी करीत होत्या. पियेरोगी म्हणजे उकडलेली करंजीच म्हणा ना! आत बटाटा आणि चक्क्यासारखे चीज. मला राहवले नाही. एक पारी हातात घेऊन मी आपली मुरड घालून दाखवली. सगळ्या जमल्या. मग शेजारणीच्या आईने, वय वर्षे ८४, मला आपल्याजवळ बसवून घेतले.

त्यांची कहाणी त्यांनी सांगितली तशीच सांगते. १९४० च्या फेब्रुवारीत रशियन शिपायांनी रात्री घरातून उठवले आणि मालगाडीत कोंबून सैबेरियाला नेले. तेव्हा या बाई पाच वर्षांच्या. १९४२ साली सुटका होऊन लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. आई वाटेतच गेली. बहीणभाऊ इस्फहानच्या अनाथाश्रमात राहिले. तेथून १९४४ साली ७३३ मुले न्यूझीलंडला निघाली. आणि भगिनींनो, ती बोट सुटली आपल्या मुंबईहून! जनरल रँडल नावाचे ते अमेरिकन जहाज. "मुंबई तुम्हांला आठवते का?" मी विचारले. "उकाडा आठवतो," त्या म्हणाल्या. "आणि हे आठवते, की भावाचा हात सुटेल म्हणून मी दुसरे काही पाहिलेच नाही."

मुलांना निमंत्रण दिले पंतप्रधान पीटर फ्रेझर यांनी. पण त्यामागे खटपट होती दोन बायकांची: पोलिश कॉन्सलच्या पत्नी मारिया वोद्झीत्स्का आणि पंतप्रधानांच्या पत्नी जॅनेट फ्रेझर. महिला मंडळात हे मुद्दाम सांगितलेच पाहिजे. जहाज वेलिंग्टनला लागल्यावर आगगाडीने मुले पाहियाटुआला गेली, तेव्हा वाटेत शाळेतली पोरे झेंडे हालवीत उभी होती. तेथल्या छावणीत रस्त्यांना पोलिश नावे होती आणि शाळाही पोलिश भाषेत. कारण लढाई संपली की सर्वांनी घरी जायचे, असेच ठरलेले.

लढाई संपली. पण यांची गावे पूर्व पोलंडातली, ती रशियाकडे गेली. मुले राहिली, १९४९ साली छावणी बंद झाली.

मी विचारू नये ते विचारले. "परत जावेसे वाटले नाही?" बाई पारीच्या कडा दाबीत होत्या. म्हणाल्या, "पुष्कळ वर्षे वाटे. मग मुले झाली. मी त्यांच्याशी घरात पोलिशच बोलले. एवढे माझ्या हातात होते." पलीकडे त्यांची पणती पाहुण्यांना ताटल्या देत होती. कोणाशी इंग्रजी, कोणाशी पोलिश, असे तिचे चालले होते. मग त्यांनीच मला उलट विचारले, "तुमची लेक बाळाशी काय बोलते?" मला उत्तर देता येईना. बाळ तर बारा दिवसांचे! आणि लेकीला हाकलून दिलेले नाही. ती आपण होऊन गेली, तिला केव्हाही येता येते. ह्या बाईंच्या दुःखाशी माझ्या तक्रारीची तुलना करणेच चूक, हे मला समजत होते. तरी छातीत काहीतरी हलले.

निघताना त्यांनी डबाभर पियेरोगी बांधून दिल्या. लेकीने त्या तुपात परतून खाल्ल्या आणि म्हणाली, "आई, ह्यातल्या ह्या चार तुझ्या. मुरडीवरून ओळखल्या." मग थांबून तिने विचारले, "तू काही विचारणार होतीस ना?"

मी बाळाला पायांवर घेतले आणि तेल मागितले. तो प्रश्न मी अजून विचारलेला नाही. मात्र दर रविवारी नातीशी फोनवर बोलते, आणि मराठीतच. तिला 'ळ' अजून नीट म्हणता येत नाही. वळिवड्याला ती 'वलिवडे' म्हणते.