जुन्या चित्रांतील पोशाख व बैठक
(लातूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मी चित्रकार नव्हे. परंतु ज्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सुईदोरा चालला, त्याची दृष्टी चित्रातील मुखाआधी शिवणीकडे जाते. आणि आपल्या शिंपी समाजाची ही खोड कधी कधी उपयोगी पडते.

मोगल अमदानीतील चित्रांत जाम्याचे बंद कोठे बांधले आहेत ते पाहावे. मुसलमान सरदार ते उजव्या काखेखाली बांधीत, हिंदू डाव्या. नाव पुसले गेलेल्या चित्राची ओळख पटविण्यास ही खूण अभ्यासकांस साहाय्यभूत झाली आहे. मात्र छाप उलटा निघाला की डाव्याचे उजवे होते, हे विसरू नये.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला. १७९२ मध्ये त्याने पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे एकत्र तैलचित्र काढले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. आपल्या दरबारी चित्रांत बहुधा सावली नसते. सर्वांवर सारखाच उजेड. युरोपीय रीतीत प्रकाश एका अंगाने येतो व मुखावरील खळगे दिसू लागतात. रत्नालंकारांनी नटलेले पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, कृश चर्येचे नाना पन्नाशीचे. सत्ता कोणाच्या हाती होती हे अलंकारांवरून ठरवू जाणारा फसेल. पुढे तीनच वर्षांनी, १७९५ मध्ये, पेशवे वारले आणि वेल्सही.

वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने १७९०च्या तहाचा पुणे दरबार रंगविला. ते चित्र १८०५ मध्ये लंडनला प्रदर्शित झाले. तहाच्या वेळी या दोघांपैकी एकही पुण्यात नव्हता! पागोट्यांच्या धाटणीसाठी ते चित्र अवश्य पाहावे. कोण कोणाशेजारी बसला होता यावर मात्र पैज लावू नये.

आमच्या घरी आजोबांचे एक छायाचित्र आहे. अंगात कोट, हाती पुस्तक. नातवंडे त्यांस विद्वान समजतात. वस्तुतः त्यांस अक्षरओळख नव्हती. पुस्तक छायाचित्रकाराचे आणि कोटही त्याचाच. तो खांद्यावर दोन बोटे ओघळला आहे. आजोबांनी जन्मभर कोट शिवले ते इतरांसाठी, पण असा कोट त्यांनी दुकानाबाहेर जाऊ दिला नसता. शेजारच्या चौकटीतील गृहस्थ कोण, हे आता घरात कोणासही ठाऊक नाही. आजोबांच्या चित्रामागे मी गेल्या महिन्यात त्यांचे नाव व धंदा लिहून ठेवला. कोट उसना, हेही लिहिले.