तलफ ओळखावी कशी



निपाणीच्या तंबाखूवर आपल्या भागातील कित्येक घरे उभी राहिली. तेव्हा तिच्याविरुद्ध बोलताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु दुसऱ्याचे व्यसन चटकन दिसते, स्वतःचे दिसत नाही.

आम्हांस आमचे दिसले ते रमजानात. दिवसभर पाण्यावाचून राहिलो, त्याचे काही वाटले नाही; पण मगरिबची बांग झाली आणि हात खजुराऐवजी चंचीकडे गेला! दुपारी वर्गात मुलांवर निघणारा राग आम्ही रोजाच्या नावावर खपवीत होतो. तो तंबाखूचा होता.

फागरस्ट्रॉम यांच्या १९९१ च्या प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न असा की, उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता? ५ मिनिटांच्या आत, तर सर्वांत अधिक गुण, ३. आम्ही सिगारेट ओढीत नसू. पण तोंड धुण्याआधी तंबाखू मळीत असू. हिशेब तोच.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड फार होते, मग काही आठवड्यांत ती ओसरते. आम्ही दोनदा सोडली, दोनदा धरली. दोन्ही वेळा गुपचूप. तिसऱ्या खेपेस घरी सांगून सोडली. त्या चंचीत आता घरातला सुईदोरा असतो.