एका दिवसाची सहल : कवठे महांकाळ



सुटीचा दिवस आला कीं शहरांतील कुटुंबांस बाहेर पडण्याची ओढ लागते, आणि ती अगदीं स्वाभाविक आहे. परंतु आम्हां सांगली-मिरजेकडील मंडळींचीं पाउलें बहुधा ठरलेल्या वाटेनेंच वळतात. कोणी नरसोबाच्या वाडीस जातो, कोणी औदुंबरास, तर कोणी पन्हाळ्यास. हीं स्थळें रमणीय आहेत, यांत शंका नाहीं. पण तीं सारीं नदीच्या काठचीं अथवा भरपूर पावसाचीं आहेत. आज मी आपणांस त्यांच्या उलट दिशेस, म्हणजे पूर्वेकडे, चलण्याची विनंति करणार आहें.

मिरजेहून पंढरपूरकडे निघालें म्हणजे आरग, बेळंकी, सलगरे हीं स्टेशनें मागें टाकून कवठे महांकाळ येतें. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९२७ सालीं या वाटेनें मिरजेस पोहोंचली. आतां तेथें रुंद मार्ग झाला आहे. मोटारीनेंहि तासाभरांत जातां येतें. तथापि ज्यांच्याबरोबर मुलें असतील, त्यांनीं शक्यतों आगगाडीनेंच जावें, असें मी सुचवीन. खिडकींतून जमीन कशी पालटत जाते, तें मुलांस दाखवावें. कृष्णाकाठची काळी माती आणि उंसाचे फड मागें पडतात, आणि हळूहळू मुरमाड माळ दिसूं लागतो. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हे शब्द मुलें शाळेंत पाठ करतात. पण सह्याद्रीनें ढगांचें पाणी अलीकडेच उतरवून घेतलें म्हणजे पलीकडे काय उरतें, तें येथें डोळ्यांनीं दिसतें. या भागांत वर्षाकाठीं सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यांतील शिराळ्याकडे तो किती तरी अधिक असतो!

मोटारीनें जाणाऱ्यांनीं वाटेंत भोसे गांवाजवळ दंडोबाच्या डोंगरावर अवश्य थांबावें. डोंगरांत कोरलेलें देऊळ आणि भोंवतालची वनराई पाहून मन प्रसन्न होतें. तेथून पश्चिमेस कृष्णाकांठ आणि पूर्वेस माळरान, अशा दोन मुलखांच्या मध्यें आपण उभे असतों.

कवठ्यास पोहोंचल्यावर प्रथम श्रीमहांकालीचें दर्शन घ्यावें, मग बाजारांतून सावकाश फिरावें. येथें राजवाडा नाहीं, उद्यान नाहीं. मग पाहावयाचें तें काय? पाहावयाचें तें हें, कीं पाणी नसलेल्या मुलखांत माणसांनीं संसार कसा थाटला. १९७२ चा दुष्काळ या भागानें सोसला, आणि २०१२-१३ सालींहि जनावरें चाऱ्याच्या छावण्यांत नेऊन बांधावीं लागलीं. याच तालुक्यांतून वाहणारी अग्रणी नदी कोरडी पडली होती. तिला पुन्हां वाहती करण्यासाठीं लोकांनीं व सरकारनें मिळून खटपट केली. मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें कृष्णेचें पाणी पंपांनीं उचलून, टप्प्याटप्प्यानें चढवीत इकडे आणलें आहे. जें पाणी आपल्या दारावरून सहज वाहतें, तेंच येथें वीज खर्चून वर चढतें.

आणि या पाण्यावर पिकतात तीं द्राक्षें! माघ-फाल्गुनांत गेल्यास बेदाण्याचीं शेडें पाहावयास मिळतात. घड पोटॅशियम कार्बोनेट व तेल यांच्या द्रावणांत बुडवून, सावलींत जाळ्यांवर पसरून सुमारें पंधरवडाभर वाळवितात. चार किलो द्राक्षांपासून जेमतेम एक किलो बेदाणा होतो. सत्यनारायणाच्या शिऱ्यांत आपण जो बेदाणा सहज टाकतों, त्यामागें हा सारा खटाटोप असतो.

दुपार कलल्यावर आरेवाडीस बिरोबाच्या बनांत जावें. धनगर समाजाचें हें मोठें श्रद्धास्थान. मेंढरांमागें रानोमाळ हिंडणाऱ्या लोकांनीं आपल्या देवाभोंवतीं झाडें राखावीं, यांतील अर्थ निराळा सांगावयास नको.

आतां दोन सूचना करतों. एका दिवसांत हीं तीन-चार ठिकाणें पुरेत. पन्हाळा आणि पंढरपूर त्यांत कोंबूं नयेत. आपलें पिण्याचें पाणी बरोबर न्यावें. कोणाच्या बागेंत शिरण्यापूर्वीं धन्यास विचारावें. घडास हात लावूं नये. जेवण गांवांतल्याच खाणावळींत घ्यावें आणि बेदाणा घेतांना फार घासाघीस करूं नये. आपण गेल्यानें गांवास चार पैसे मिळावेत, उलट त्याचें पाणी आणि शांतता खर्चीं पडूं नये. पाहुण्याचा धर्म तो हाच.

विसांवा तर हवाच. पण शहराच्या इतक्या जवळ राहणारे आपले शेजारी कसे जगतात, हें ठाऊक नसणें सुशिक्षितांस शोभत नाहीं. संध्याकाळीं घरीं परतल्यावर, हात धुण्यासाठीं नळ सोडतांना एखाद्या मुलानें तो थोडा कमी सोडला, तर त्या दिवसाची सहल सार्थकीं लागली असें मी समजेन.