आजारी लेकरू आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



वर्धापनदिन म्हणजे वर्षाचा हिशेब. रंगरंगोटी झाली, वर्षावासात ग्रंथवाचन झाले, जयंती थाटात झाली. पण आमच्या हातून जे राहिले तेच आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या वस्तीत एका चार वर्षांच्या पोरीच्या अंगावर आंघोळीचे कढत पाणी सांडले. कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद. त्यात तासभर गेला, मग रुग्णालय. आम्ही कार्यकर्त्यांनी त्याच संध्याकाळी वर्गणी काढली, पाकीट बापाच्या हातात ठेवले आणि कर्तव्य झाले असे समजून घरी आलो. सहाव्या दिवशी भेटायला गेलो तर आई म्हणाली, "भाऊ, पैसे दिलेत, उपकार झाले. पण दोन तास कुणी पोरीजवळ बसंल का? सहा दिवस झाले, अंगावर पाणी घेतलं नाही मी."

आमची मान खाली गेली. बाप रोजंदारीवर, खाडा परवडत नव्हता. मोठा मुलगा शेजाऱ्यांकडे, त्याची शाळा बुडालेली. दाखल एक पोरगी झाली होती, पण आजारी सगळे घर पडले होते.

बंधूंनो, विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. भगवंतांनी तिथे वर्गणी काढली नाही, स्वतःचे हात लावले!

बाबासाहेब आणि माता रमाईंची चार लेकरे बालपणीच गेली. राजरत्न गेला 1926 साली. तेव्हा हे कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. त्याच परळमध्ये 1929 साली खास मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय उभे राहिले. लेकरू जाण्याचे दुःख काय असते ते आपल्या बापाने भोगले आहे. मग त्यांची लेकरे म्हणवणाऱ्या आपण शेजारच्या आईला एकटे सोडायचे काय?

म्हणून आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, पाळी लावा. वस्तीतले मूल दाखल झाले की महिला मंडळाने आणि तरुणांनी रोज दोन माणसे ठरवावीत. एकाने डबा न्यावा, एकाने आईला दोन तास मोकळे करावे. घरी राहिलेल्या भावंडांना शाळेत पोचवावे.

दुसरी, कागद. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात एका पिशवीत तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर पैसे न भरता उपचार होतात; योजनेतल्या रुग्णालयात त्यासाठी आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही भीक नव्हे, हक्क आहे. घाबरून परत येऊ नका, समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा.

तिसरी, भाजले तर टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. नळाचे साधे गार पाणी 20 मिनिटे सोडा, स्वच्छ कापड टाका आणि दवाखाना गाठा. गाडीसाठी 108 फिरवा. अंगारा-धुपारा आपण 1956 सालीच सोडला आहे, तो लेकराच्या तापात परत घरात घेऊ नका.

चौथी, घरी आलेल्या मुलाला विसरू नका. ती पोरगी आता बरी आहे, पण हातावरच्या डागांमुळे बाहेर खेळायला लाजते. आपल्या मुलांनी तिला हात धरून रविवारच्या धम्मवर्गात आणावे.

बुद्धमूर्तीपुढे आपण रोज मेणबत्ती लावतो. तशीच एक रात्र वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर एखाद्या आईबापासोबत काढू या. पुढच्या वर्धापनदिनी हिशेब देताना आमची मान खाली जाऊ नये, एवढेच मागणे.

जय भीम! नमो बुद्धाय!