ठेवीदाराचा पैसा आणि कायद्याचा पहारा



बँक चालविणें म्हणजे दुसऱ्याच्या पैशाची राखण करणें होय. ही राखण सैल झाली म्हणजे काय होतें, याचा पडताळा वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्यास २०१२ सालीं आला.

सहकारी पतपुरवठ्याची रचना तीन मजली आहे. तळाशीं गांवची सेवा सोसायटी, मध्यें जिल्हा मध्यवर्ती बँक आणि माथ्यावर राज्य सहकारी बँक. पेन्शनरची पुंजी मधल्या मजल्यावर जमा व्हावयाची आणि पेरणीच्या वेळीं तोच पैसा कर्जरूपानें शेतकऱ्याच्या हातीं जावयाचा. कर्ज परत आलें नाहीं, तर पुंजी अडकते. म्हणूनच येथें कायद्याचा पहारा हवा.

हा पहारा मात्र उशिरां जागा झाला. १९४९ चा बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांस १ मार्च १९६६ पासून लागू झाला. परंतु ज्या बँका त्यापूर्वींच काम करीत होत्या, त्यांना परवान्याचा निर्णय होईपर्यंत व्यवहार चालविण्याची मुभा होती. ती मुभा कित्येक दशकें चालली! अखेर २००९ सालीं एका सरकारी समितीनें २०१२ ची मुदत सुचविली. अट कठोर नव्हती. जोखमीच्या मानानें मोजलेल्या दर शंभर रुपयांच्या येण्यामागें चार रुपये स्वतःचें भांडवल, एवढीच. बुलढाणा, वर्धा व नागपूर येथील जिल्हा बँकांना तेंहि जमलें नाहीं, आणि नव्या ठेवी घेण्यास त्यांना मनाई झाली.

नोव्हेंबर २०१४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील अशा २३ बँकांसाठीं २,३७५ कोटी ४२ लक्ष रुपयांची योजना मंजूर केली. त्यांत राज्य सरकारांचा वांटा १,४६४ कोटींहून अधिक होता. म्हणजे बँकांनीं जे चार रुपये राखले नाहींत, ते बव्हंशीं करदात्यास भरावे लागले.

दोष केवळ माणसांचा नव्हता. संचालक मंडळ सहकार निबंधकाच्या कक्षेंत आणि बँकिंग रिझर्व्ह बँकेच्या, अशी दुहेरी सत्ता होती. दोन धन्यांचा चाकर कोणाचाच नसतो. २०२० च्या दुरुस्तीनें रिझर्व्ह बँकेचा हात बळकट झाला, हें इष्टच झालें.

तथापि एक भेद ध्यानांत ठेवावा. बुलढाण्यांतच १९८६ सालीं बुलडाणा अर्बन ही संस्था निघाली. गुदामांतील धान्याच्या तारणावर ती शेतकऱ्यास कर्ज देते. तिचा विस्तार मोठा आहे, परंतु ती पतसंस्था आहे, बँक नव्हे. बँकेंतील ठेवीस २०२० पासून पांच लक्ष रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे; पतसंस्थेंतील ठेवीस, ती कितीहि सुस्थितींत असो, तें नाहीं.

तेव्हां ठेव ठेवतांना व्याजाचा दर विचारण्याआधीं परवाना कोणाचा, विमा आहे कीं नाहीं आणि थकबाकी किती, हे तीन प्रश्न विचारावे. आपण सभासद असाल तर वार्षिक सभेस अवश्य जावें आणि ताळेबंद वाचावा. कायद्याचा पहारेकरी दूर असतो. सभासद मात्र दाराशींच उभा असतो.