सेनापतीची साक्ष



युद्धाला विरोध करणारा विचारवंत राज्यकर्त्यांना फारसा अडचणीचा ठरत नाही. ‘याला सीमेवरचे काय कळते?’ असे म्हणून त्याला निकालात काढता येते. इस्रायलचे मेजर जनरल मत्तित्याहू पेलेद यांच्याबाबत ही सोय नव्हती.

१९२३ साली हैफा येथे जन्मलेले पेलेद १९४८च्या युद्धात लढले. १९५६च्या सुएझ युद्धात गाझापट्टी इस्रायलच्या ताब्यात आली, तेव्हा ते तेथे लष्करी प्रशासक होते. ज्यांच्यावर हुकमत चालवायची त्यांची भाषाही आपणास येत नाही, ही जाणीव तेथे झाली व ते अरबी शिकू लागले. तरीही जून १९६७मध्ये, सैन्याच्या पुरवठा विभागाचे प्रमुख असताना, पंतप्रधान एश्कोल यांच्यापुढे तत्काळ युद्धाचा आग्रह धरणाऱ्या सेनानींत ते अग्रभागी होते. इजिप्तची तयारी अपुरी आहे, तोवरच प्रहार करावा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

निवृत्तीनंतर ते तेल अवीव विद्यापीठात अरबी साहित्याचे प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले, की १९६७मध्ये इस्रायलचे अस्तित्वच धोक्यात होते हा दावा म्हणजे निव्वळ बनाव होय. मोठा गहजब उडाला. कारण जिंकलेला प्रदेश न सोडण्याचे समर्थन त्याच भयावर उभे होते.

पुढे पॅलेस्टिनी नेते इस्साम सर्तावी यांच्याशी त्यांनी संवाद सुरू केला आणि जानेवारी १९८३मध्ये ट्युनिस येथे यासर अराफत यांची भेट घेतली. त्याच एप्रिलमध्ये पोर्तुगालात, समाजवादी आंतरराष्ट्रीयच्या अधिवेशनस्थळी, सर्तावींची हत्या झाली. शांततेची बोलणी करणाऱ्याला स्वपक्षातील अतिरेक्यांकडूनही धोका असतो. १९८४ साली ज्यू व अरब यांच्या संयुक्त ‘प्रागतिक शांतता यादी’वर बंदी घालण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयात फसला आणि तिचे दोन प्रतिनिधी, मोहम्मद मियारी व पेलेद, संसदेत गेले. १९९५ साली पेलेद निवर्तले.

उजव्यांनी त्यांना देशद्रोही म्हटले. डाव्यांतील काहींना ६७चा युद्धखोर सेनानी विसरता येईना. हा दुसरा आक्षेप खोटा नाही. परंतु साक्षीचे मोल त्यामुळेच वाढते. शत्रूची खरी ताकद किती, हे ज्याला ठाऊक होते, तोच माणूस भयाचा हिशेब खोटा असल्याचे सांगत होता. पश्चिम किनारा आजही लष्करी ताब्यात आहे. म्हणून राष्ट्र संकटात असल्याची हाक कोठेही उठली, की प्रथम आकडे मागावेत. ते मागणे हा द्रोह नव्हे, नागरिकाचे कर्तव्य आहे.