युरोपला कोणत्या ऋतूत जावे?



वसंत व्याख्यानमालेत ऋतूंविषयी बोलावयास मिळावे, हा योग आम्हांस आवडला. मात्र आजचा विषय आपल्या वसंताचा नाही. तो युरोपच्या ऋतूंचा आहे. आणि तोही कवीच्या दृष्टीने नव्हे, तर चार पैसे गाठीला बांधून तिकडे जाऊ पाहणाऱ्या गृहस्थाच्या दृष्टीने.

युरोपची सहल ही मध्यमवर्गीय घरात आजही लग्नकार्यासारखी ठरते. निवृत्तीच्या पैशातला एक भाग बाजूला काढला जातो, परदेशी असलेला मुलगा काही भर घालतो, आणि मग महिनोन्महिने खल चालतो. देश कोणते, कंपनी कोणती, बरोबर चिवडा किती घ्यावा आणि मेतकूट किती, यांवर वाद होतात. पण जावे केव्हा, या प्रश्नावर वाद होत नाही. ज्याला जेव्हा रजा, तेव्हा प्रस्थान. शेतकरी वाफसा आल्यावाचून तिफण जुंपत नाही. आपण मात्र जन्मात एकदाच करावयाच्या या पेरणीला वाफसा पाहत नाही. म्हणून आज या एकाच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण ऋतू ओळखतो तो ऊन आणि पाऊस यांवरून. युरोपात तिसरी एक गोष्ट या दोहोंइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती म्हणजे उजेड. पुणे विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर आहे. येथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. दोन-सव्वादोन तासांचा हा फरक आपल्या हिशेबातही येत नाही. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. तेथे जूनमधला दिवस साडेसोळा तासांहून मोठा, तर डिसेंबरमधला आठ तासांहूनही लहान. स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येतच नाही. आणि त्याच गावी मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही.

प्रवाशाला याचा अर्थ काय? अर्थ रोकडा आहे. संग्रहालये आणि राजवाडे बहुधा संध्याकाळी पाच-सहाला बंद होतात. जूनमध्ये त्यानंतर तीन-चार तास लख्ख उजेड असतो. त्या वेळी नदीकाठी हिंडावे, बागेत बसावे, जुन्या गल्ल्या पायांखाली घालाव्यात. त्याला तिकीट पडत नाही. डिसेंबरात हेच तास काळोखात जातात. सहलीचे पैसे आपण दिवसांच्या हिशेबाने भरतो. पण दिवस किती तासांचा आहे, हे कोणी विचारीत नाही.

आता उजेड आणि उष्मा यांचे नाते पाहा. सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास येतो, पण सर्वांत जास्त उष्मा जुलै-ऑगस्टात होतो. चुलीवरचा जाड तवा जाळ लावताच तापत नाही आणि जाळ काढताच निवत नाही, तसेच जमिनीचे आणि समुद्राचे आहे. यातून प्रवाशाच्या मोठ्या उपयोगाची एक गोष्ट निघते. पॅरिसला मेच्या मध्याचा दिवस आणि जुलैअखेरचा दिवस लांबीने जवळजवळ सारखेच, सव्वापंधरा तासांच्या आसपास. उजेड तितकाच, पण मेमध्ये तवा तापलेला नसतो आणि रस्ते भरलेले नसतात. सप्टेंबरच्या मध्यावर उलट स्थिती असते. दिवस साडेबारा तासांवर आलेला असतो, पण हवेत ऊब उरलेली असते आणि समुद्रही कोमट असतो.

पावसाचीही आपली कल्पना तेथे बाजूस ठेवावी लागते. मृग आणि आर्द्रा यांवर वाढलेल्या आपल्या मनाला पाऊस म्हटला की उन्हाळ्यामागून येणारा वाटतो. भूमध्य समुद्राच्या काठी, म्हणजे ग्रीस, दक्षिण इटली, दक्षिण स्पेन येथे, तो हिवाळ्याचा सोबती आहे. उन्हाळ्यात आकाश कोरडे. अथेन्सला जुलैत पाऊस पडलाच तर नावापुरता. रोमला सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात. वायव्येकडे गेल्यास पावसाला ऋतूच नाही. लंडनला तो बारा महिने थोडाथोडा पडतो. लंडनच्या पावसाचा फार बाऊ केला जातो, परंतु तेथे वर्षाकाठी पडणारा पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरला एकट्या जुलैत त्याच्या कितीतरी पट पडतो. तेथली छत्री भिजण्यापासून वाचण्यासाठी कमी आणि खात्री नसल्यामुळे जास्त बाळगावी लागते.

हे सारे असताना जुलै-ऑगस्ट हाच युरोपचा 'हंगाम' असे आपण का समजतो? कारण तो तिथल्या लोकांचा हंगाम आहे. पण हंगाम ही निसर्गाने घालून दिलेली वस्तू नव्हे. जुने युरोपीय प्रवासी रोमच्या उन्हाळ्याला हिवतापाच्या भयाने टाळीत. गटे हा जर्मन कवी १७८६ साली इटलीला निघाला तो ३ सप्टेंबरला, आणि रोमला पोचला ऑक्टोबर संपता संपता. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस हे गाव एकोणिसाव्या शतकात श्रीमंत इंग्रजांचे हिवाळ्यातले विश्रांतिस्थान होते; उन्हाळ्यात तेथली मोठी हॉटेले दारे लावून घेत. उन्हात अंग भाजून घेण्याची हौस पुढे १९२० नंतरच्या काळात बळावली. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला. हा कायदा मोठ्या न्यायाचा होता यात शंका नाही. पण कारखाने आणि शाळा एकाच वेळी बंद होऊ लागल्या आणि ऑगस्ट महिना रस्त्यावर आला. इटलीत १५ ऑगस्टच्या सणाच्या आगेमागे शहरेच्या शहरे समुद्राकडे धाव घेतात. तेव्हा ऑगस्टातली गर्दी ही त्यांच्या रजेची गर्दी आहे. आपली रजा निराळी असताना आपण त्यांच्या रांगेत जाऊन का उभे राहावे?

यावर कोणी म्हणेल, “गर्दीला आम्ही भीत नाही आणि उन्हाला तर नाहीच. नागपूर-जळगावचे ऊन काढलेली माणसे आम्ही!” या म्हणण्याचा नीट विचार केला पाहिजे, कारण येथे प्रश्न केवळ सुखाचा राहत नाही.

नागपूरचा मनुष्य ऊन सोसतो तो उन्हात हिंडून नव्हे, उन्हाला चुकवून. तो सकाळी कामे उरकतो, दुपारी जाड भिंतींच्या घरात वाळ्याच्या पडद्याआड किंवा कूलरसमोर पडतो, पन्हे पितो, कांदा खातो. प्रवासी यांपैकी काहीच करीत नाही. तो भर दुपारी दोन वाजता रोमच्या फोरममध्ये, जेथे सावली शोधावी लागते, तापल्या दगडावर उभा असतो. कारण कार्यक्रमपत्रिकेत तसे छापलेले असते. शिवाय उत्तरेकडची घरे आणि पुष्कळशी लहान हॉटेले ऊब आत राखण्यासाठी बांधलेली आहेत. तेथे पंखाही नसतो, आणि रात्र निवली नाही म्हणजे झोप लागत नाही.

हे भय काल्पनिक नाही. २००३ सालच्या ऑगस्टात एकट्या फ्रान्समध्ये उष्म्याने सुमारे १५,००० माणसे दगावली, त्यांत बहुतेक वृद्ध. त्या उन्हाळ्यात साऱ्या युरोपात मिळून ७०,००० हून अधिक बळी गेले असा अभ्यासकांचा हिशेब आहे. सिसिलीत ११ ऑगस्ट २०२१ रोजी पारा ४८.८ अंशांवर गेला. १९ जुलै २०२२ रोजी खुद्द इंग्लंडात तो ४०.३ पर्यंत चढला. जुलै २०२३ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये अथेन्सची अॅक्रोपोलिस टेकडी दुपारच्या वेळी प्रवाशांना बंद करावी लागली. सर्व खंडांत युरोप सर्वांत वेगाने तापतो आहे, असे शास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतला युरोपचा सुखद उन्हाळा मनात धरून सत्तरीच्या आईवडिलांना जुलैत रोमला नेणे हे धाडस आहे, आणि त्या धाडसाची किंमत नेणाऱ्याला नव्हे, त्यांना द्यावी लागते.

मग जावे केव्हा? येथे आमचे मुख्य सांगणे असे. 'युरोपला जाण्याचा उत्तम ऋतू' असा एकच ऋतू नाही, कारण युरोप ही एक जागा नाही. काश्मीर आणि कन्याकुमारी एकाच पंधरवड्यात पाहू म्हणणाऱ्या परदेशी पाहुण्याला आपण हसू. पण आपण स्वतः रोम, स्विस पर्वत आणि नॉर्वे एका दमात उरकू पाहतो. एका सहलीत एकच ऋतू मिळतो. म्हणून त्या ऋतूला जो प्रदेश मानवेल तेवढाच निवडावा आणि बाकीचा सोडून द्यावा.

दक्षिणेकडे, म्हणजे ग्रीस, रोम, फ्लॉरेन्स, सेव्हिल येथे, एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे काळ चांगले. सेव्हिलला जुलै-ऑगस्टात दुपारचे सरासरी तपमान ३६ अंशांच्या आसपास असते, हे आपल्या वैशाखाचेच रूप. पॅरिस, लंडन, हॉलंड, ऱ्हाईनचा काठ यांना मे, जून आणि सप्टेंबर मानवतात. ट्यूलिपची हौस असेल तर मात्र घाई केली पाहिजे. हॉलंडातली कोयकेनहोफची बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत जेमतेम आठ आठवडे उघडी असते, आणि भर एप्रिलच्या मध्याच्या सुमारास येतो. शेतांतली फुले तर त्याआधीच खुडली जातात. कंदाला जोर यावा म्हणून शेतकरी ती स्वतःच छाटून टाकतो. शाळेच्या परीक्षा आणि निकाल आटोपून मेअखेरीस निघणाऱ्या कुटुंबाने ट्यूलिपची आशा न धरलेली बरी.

पर्वतांचे वेळापत्रक उशिराचे आहे. आल्प्समध्ये मेच्या अखेरीस खोऱ्यांत हिरवळ आणि धबधब्यांना भर असतो, कारण वरचे बर्फ वितळत असते. पण फुर्का, ग्रिम्सेल यांसारखे उंच घाट बहुधा जूनमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरात मिटतात. पायी हिंडणाऱ्यांना जुलै ते सप्टेंबर हाच काळ. बर्फात हात घालून यावे एवढीच इच्छा असेल, तर ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला १९१२ पासून आगगाडी जाते, आणि तेथे बारमास बर्फ आहे. नॉर्वे-स्वीडनला जून ते ऑगस्ट. ज्यांना जुलैखेरीज रजाच नाही त्यांनी रोमचा हट्ट सोडून उत्तरेस जावे. वैताग वाचेल आणि मध्यरात्रीचा सूर्यही जुलैच्या उत्तरार्धापर्यंत पदरात पडेल.

हिवाळ्याची बाजू कोणी मांडीत नाही, म्हणून तीही थोडी मांडतो. ज्यांना चित्रे, संगीत आणि नाटक यांसाठी युरोप पाहावयाचा आहे, त्यांना हिवाळा पारखा नाही. व्हिएन्नाचे राजकीय संगीतनाट्यगृह जुलै-ऑगस्टात बंद असते. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचा हंगाम ७ डिसेंबरला सुरू होतो. नाताळाआधीचे जर्मन बाजार काळोखातच खुलतात. ड्रेस्डेनच्या बाजाराचा उल्लेख तर १४३४ पासूनचा आहे. मात्र दिवस लहान, बोचरा वारा, आणि स्वेटरांनी जड झालेली पेटी, यांची तयारी हवी.

आता आपल्या रजांचे पाहू. सुदैवाने आपली मेची सुटी आणि युरोपचा सुरेख काळ यांची गाठ पडते. तिकडच्या शाळांना अजून मोठी सुटी लागलेली नसते. ही सवलत आपल्याला निसर्गाने आणि शिक्षणखात्याने मिळून दिलेली आहे, ती वाया घालवू नये. दिवाळीच्या सुटीत निघणाऱ्यांनी मात्र उत्तरेचा मोह टाळावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे घेतात आणि संध्याकाळ एकाएकी अंगावर येते. त्या वेळी दक्षिण स्पेन, सिसिली किंवा ग्रीस बरा. छत्री मात्र बरोबर असावी. शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा मेचा बेत दिवाळीचा फराळ संपता संपता ठरवावा. शिमग्यानंतर धावपळ करू नये.

निवृत्त मंडळींची गोष्ट वेगळी, आणि खरे तर भाग्याची. त्यांना ना शाळा, ना साहेब. तरीही ती सुनेच्या आणि नातवंडांच्या रजेला बांधलेली असतात. त्यांना आमची विनंती आहे की एकदा दोघांनीच सप्टेंबरात जावे. द्राक्षांची तोडणी चाललेली असते, गुरे डोंगरावरून खाली येत असतात, बाकांवर बसावयास जागा असते, आणि गुडघे दुखू लागले तर घाई करणारे कोणी नसते. नातवंडांना खाऊ आणता येईल.

शेवटी एवढेच. तिकीट काढण्यापूर्वी तीन प्रश्न घरात बसून विचारावेत: काय पाहावयाचे आहे, बरोबर कोण आहे, आणि रजा केव्हा आहे. यांतला तिसरा प्रश्न आपण पहिला विचारतो आणि उरलेले दोन विसरतो. रजा हाती नसली तरी प्रदेश हाती असतो. रजेप्रमाणे प्रदेश बदलावा, सोबत्याच्या वयाप्रमाणे चाल बदलावी, आणि दहा देशांऐवजी तीन पाहून परत यावे. राहिलेले सात पुन्हा जाण्याला निमित्त होतील. आणि पुन्हा जाणे झाले नाही, तरी पाहिलेले तीन त्यांच्या चांगल्या ऋतूत पाहिले, एवढे समाधान गाठीला राहील.